वाट पाहणारी मंडळी आणि तिचा पुढारी

मृग नक्षत्र लागून पंधरा दिवस लोटले आहेत, आभाळांत ढग येतात आणि वाऱ्याबरोबर निघून जातात, अशा वेळीं आपल्या दुष्काळी भागांतील शेतकऱ्याकडे पाहावें. त्याची जमीन नांगरून, कुळवून तयार असते. बियाणें घरांत असतें. अधीर शेतकरी पहिली सर पडतांच पेरून मोकळा होतो. मग पावसानें पाठ फिरविली म्हणजे दुबार पेरणीचें संकट त्याच्यावर ओढवतें. आळशी शेतकरी बांधावरच्या लिंबाखालीं बसून आभाळाला दोष देतो. शहाणा शेतकरी या दोहोंपैकीं कांहींच करीत नाहीं. तो बांध दुरुस्त करतो, अवजारें नीट करून ठेवतो, गुरांच्या वैरणीची तजवीज पाहतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, घरांत कितीही ओढाताण असली तरी बियाण्याच्या कणगीला कोणाला हात लावूं देत नाहीं. पाऊस आणणें त्याच्या हातीं नसतें; पाऊस येईल त्या दिवशीं तयार असणें मात्र त्याच्या हातीं असतें.

ख्रिस्ती मंडळीवरही असे दिवस येतात. कधीं पाळकाची बदली होते आणि नवा पाळक केव्हां येणार हें कोणालाच ठाऊक नसतें. कधीं दुष्काळ पडून अर्धी मंडळी पोटासाठीं परगांवीं जाते. कधीं साथ येते आणि उपासनामंदिराचीं दारें बंद होतात. अशा काळीं मंडळीच्या पुढाऱ्यानें काय करावें, हा प्रश्न केवळ पाळकांचा आणि पंचांचा आहे असें समजूं नये. ज्या घरांत बापाची नोकरी गेली आहे, त्या घराची मंडळी आईकडे पाहत असते. ज्या वर्गाचा निकाल लांबला आहे, त्या वर्गांतील मुलें एखाद्या धीराच्या मुलाकडे पाहत असतात. म्हणून हा विषय विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मांडावा असें मला वाटलें.

माझें मत थोडक्यांत असें आहे: अनिश्चिततेच्या काळांत लोकांना तारीख देणें हें पुढाऱ्याचें काम नव्हे. लोकांना खरें सांगणें, आणि आजच्या दिवसाचें काम त्यांच्या हातीं देणें, हें त्याचें काम होय. हें मत मीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. एक चूक करून तें मला शिकावें लागलें, आणि ती चूक प्रथम कबूल करणें मला योग्य वाटतें.

२०२० सालीं करोनाची साथ आली व २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. प्रथम ती एकवीस दिवसांची होती. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिल रोजीं आला. मंदिराला कुलूप असतांना आलेला तो सण आपल्यापैकीं कोणीही विसरणार नाहीं. मी त्या वेळीं आमच्या मंडळीच्या पंचांपैकीं एक होतों. लोकांना धीर द्यावा म्हणून मीं घरोघर फोन केले आणि सांगितलें कीं, पेंटेकॉस्टच्या दिवशीं, ३१ मे रोजीं, आपण सर्व मंदिरांत भेटूं. हें मला कोणीं सांगितलें होतें? कोणींही नाहीं. लोक घाबरले होते, मीही घाबरलों होतों, आणि माझ्या भीतीवर मीं त्या तारखेचें पांघरूण घातलें.

३१ मे आला आणि गेला. मग मीं जुलै म्हटलें. मग ऑगस्ट म्हटलें. महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें उघडलीं तीं १६ नोव्हेंबर रोजीं, दिवाळीच्या पाडव्याला. आणि पुढच्या वर्षाच्या एप्रिलांत जीं पुन्हा बंद झालीं तीं ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच राहिलीं. माझी एकेक तारीख चुकत गेली तसतसा माझ्या शब्दाचा भाव उतरत गेला. कांहीं घरांतून माझा फोन उचलणेंही बंद झालें. त्यांचा राग साथीवर नव्हता, माझ्यावर होता. आणि तो अगदीं योग्य होता. साथीनें त्यांना फसविलें नव्हतें, मीं फसविलें होतें.

एके दिवशीं मंडळींतील एका वृद्ध बाईंना मीं फोन केला. त्या एकट्याच राहत असत. मी नेहमींप्रमाणें सप्टेंबराची गोष्ट काढणार तोंच त्यांनीं मला थांबविलें. त्या म्हणाल्या, “गुरुजी, आतां तारीख नका सांगूं. कोण आजारी आहे, कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं, तेवढं सांगा. प्रार्थनेला नांवं लागतात, तारीख लागत नाहीं.”

मला फार लाज वाटली, कारण त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. पांच महिने मी मंदिर केव्हां उघडेल याचे अंदाज करीत होतों. मंडळींत कोण उपाशी आहे याची यादी माझ्यापाशीं नव्हती. त्या आठवड्यांत आम्हीं पंचांनीं दहा-दहा घरें वाटून घेतलीं. दर शनिवारीं त्या दहा घरांची विचारपूस करावयाची, गरज असेल तेथें धान्य व औषध पोहोंचवावयाचें, आणि जें समजेल तें रविवारच्या प्रार्थनेसाठीं सर्वांना कळवावयाचें, असा नेम ठरला. ज्या वृद्धांना दिसत नव्हतें किंवा वाचतां येत नव्हतें, त्यांना फोनवरून रोज एक अध्याय वाचून दाखविण्याचें काम हायस्कुलांतील मुलामुलींनीं अंगावर घेतलें. मंदिर केव्हां उघडणार हें पूर्वीइतकेंच अज्ञात होतें. परंतु लोक माझा फोन पुन्हा उचलूं लागले.

पुढें पवित्र शास्त्र वाचतांना माझ्या ध्यानीं आलें कीं, माझी चूक फार जुनी आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या काळीं बाबेलच्या राजा नबुखद्नेस्सरानें यरुशलेमेचा राजा यखन्या यास व पुष्कळ लोकांस धरून नेलें, आणि मंदिरांतील पात्रेंही नेलीं. मागें राहिलेले व धरून नेलेले असे दोघेही एकच प्रश्न विचारीत होते: हें केव्हां संपणार? तेव्हां हनन्या नांवाचा संदेष्टा मंदिरांत सर्वांसमक्ष उभा राहिला आणि दोन वर्षांच्या आंत राजा, लोक व पात्रें सर्व परत येतील असें त्यानें जाहीर केलें. यिर्मयाच्या मानेवर लांकडी जूं होतें, तें काढून त्यानें मोडून टाकलें. लोकांना हें भाषण किती गोड वाटलें असेल!

यिर्मयानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. त्यानें प्रथम आमेन म्हटलें. तसें घडलें तर बरेंच, अशीच त्याचीही इच्छा होती. म्हणजे आशेशीं त्याचें वैर नव्हतें. त्याचें वैर खोट्या मुदतीशीं होतें. नंतर त्यानें बाबेलांतील लोकांस पत्र पाठविलें. त्यांत त्यानें त्यांना घरें बांधावयास, बागा लावावयास, मुलामुलींचीं लग्नें करावयास सांगितलें. आणि ज्या परक्या शहरांत त्यांना नेलें होतें त्या शहराच्या कल्याणासाठीं प्रार्थना करावयास सांगितलें. कोणी म्हणेल कीं, यिर्मयानेंही सत्तर वर्षांची मुदत सांगितलीच होती. खरें आहे. पण ती मुदत ऐकणाऱ्याच्या सोयीची नव्हती. ती ऐकून त्यांतील बहुतेक प्रौढ माणसांना कळून चुकलें असेल कीं, परतीचा दिवस आपण पाहणार नाहीं. असें सांगून टाळ्या मिळत नसतात. आणि तरीही हनन्याच्या गोड शब्दांपेक्षां याच कडू पत्रानें ती मंडळी जगली. कारण त्या पत्रांत उद्यां सकाळीं उठून काय करावयाचें तें सांगितलें होतें.

पुढें यरुशलेमेला वेढा पडला असतां आणि स्वतः पहाऱ्यांत असतां यिर्मयानें अनाथोथ येथील एक शेत सतरा शेकेल रुपें तोलून विकत घेतलें, आणि खरेदीखत मातीच्या भांड्यांत जपून ठेवविलें. शत्रूच्या हातीं जात असलेली जमीन कोण विकत घेतो? ज्याला निश्चयानें वाटतें कीं या देशांत पुन्हा घरें व शेतें विकत घेतलीं जातील, तोच. वर ज्या कणगीची गोष्ट सांगितली, ती हीच.

लोक पांगूं लागले कीं पुढाऱ्याच्या मनाचें काय होतें, हें शौल राजाच्या कथेंत दिसतें. गिलगाल येथें शमुवेलाची वाट पाहत तो सात दिवस थांबला. समोर पलिष्ट्यांचें अफाट सैन्य, आणि इकडे आपले लोक एक एक करून निसटत आहेत! शेवटीं जें काम त्याचें नव्हतें तें त्यानें केलें. होमबलि स्वतःच अर्पण केला. तो संपतो न संपतो तोंच शमुवेल आला. शौलानें जें कारण पुढें केलें तें मोठें बोलकें आहे: लोक पांगत होते. आजही मंडळ्यांतून जे पुष्कळसे उतावळे निर्णय होतात त्यांच्या तळाशीं हेंच कारण सांपडतें. बांकें रिकामीं दिसूं लागलीं कीं पुढाऱ्याला कांहींतरी करून दाखवावेंसें वाटतें. अहरोनानें तरी दुसरें काय केलें? मोशे डोंगरावरून यावयास उशीर झाला, लोक अस्वस्थ झाले, आणि त्यांना पाहण्यासाठीं कांहींतरी हवें म्हणून त्यानें त्यांना सोन्याचें वासरूं दिलें.

आतां यावर एक आक्षेप येईल, व तो विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणतील, माणसाला मुदत लागते. तिच्यावांचून तो खचतो. रोगी वैद्याला विचारतो, मी केव्हां बरा होईन. कैदीही भिंतीवर दिवस मोजतो. पुढाऱ्यानें थोडी अतिशयोक्ति केली तर काय बिघडलें?

याचें उत्तर प्रभूच्या वागण्यांतच आहे. स्वर्गारोहणाच्या वेळीं शिष्यांनीं त्याला काळवेळ विचारली. तो प्रश्न स्वाभाविक होता, आणि त्यांच्याइतकें प्रिय दुसरें कोणी प्रभूला नव्हतें. तरीही त्यानें काळवेळ सांगितली नाहीं. त्यानें दोन गोष्टी सांगितल्या: कोठें थांबावयाचें, आणि सामर्थ्य मिळाल्यावर काय करावयाचें. शिष्य यरुशलेमेस परतले व माडीवरच्या खोलींत राहिले. स्वर्गारोहणापासून पेंटेकॉस्टपर्यंत दहा दिवस गेले. परंतु ते दहाच आहेत हें त्यांना ठाऊक नव्हतें. त्या दिवसांत सुमारें एकशेंवीस माणसें, स्त्रिया व पुरुष, एकचित्तानें प्रार्थना करीत होतीं. आणि त्यांनीं आणखी एक गोष्ट केली: यहूदाची रिकामी पडलेली जागा भरून काढली, मत्थियाची निवड केली. प्रार्थना चालली आहे म्हणून त्यांनीं व्यवस्थेचें काम लांबणीवर टाकलें नाहीं. मला वाटतें, वाट पाहणाऱ्या मंडळीचें याहून चांगलें चित्र दुसरें नाहीं.

दहा दिवस थोडे झाले; आमचे कांहीं महिनेही थोडेच. परंतु सव्वीस वर्षें वाट पाहिलेल्या एका मंडळीचा इतिहास आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावा असा आहे. आफ्रिकेच्या पूर्वेस, आपल्याच हिंदी महासागरांत, मादागास्कर नांवाचें मोठें बेट आहे. १८१८ सालीं लंडन मिशनरी सोसायटीचे डेव्हिड जोन्स व टॉमस बेव्हन हे दोन वेल्श तरुण तेथें उतरले. कांहीं महिन्यांतच तापानें बेव्हन, त्याची पत्नी व मूल, तसेंच जोन्सची पत्नी व मूल मरण पावलीं. जोन्स एकटा उरला. तो धीर न सोडतां १८२० सालीं अंतानानारिव्हो या राजधानीस पोहोंचला. राजा पहिला रादामा याच्या आश्रयानें शाळा निघाल्या, मालागासी भाषा लिहिण्याची पद्धत बसविण्यांत आली, आणि हजारों मुलें वाचावयास शिकलीं.

रादामा १८२८ सालीं वारला आणि राणी रानावालोना गादीवर आली. १८३५ सालीं तिनें आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्माची मनाई केली. त्या वेळीं मालागासी बायबलाची छपाई पुरी व्हावयाची होती. देशी कामगारांना मदत करण्याची बंदी झाली, म्हणून मिशनऱ्यांनीं उरलेलें काम आपल्याच हातांनीं केलें व त्याच वर्षीं संपूर्ण ग्रंथ छापून काढला. १८३६ सालीं शेवटच्या मिशनऱ्यांनाही देश सोडावा लागला. मागें राहिली ती पाळक नसलेली, मंदिर नसलेली, लहानशी मंडळी, आणि जमिनींत पुरून व घरांत लपवून ठेवलेल्या कांहीं बायबलांच्या प्रती.

पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट १८३७ मध्यें, रासालामा नांवाच्या स्त्रीला विश्वासासाठीं भाल्यानें मारण्यांत आलें. १८४९ सालीं चौदा जणांना राजधानींतील उंच कड्यावरून लोटून दिलें आणि चौघांना जाळलें. किती जण दास म्हणून विकले गेले, किती रानांत लपून राहिले! या सर्व काळांत तेथील पुढाऱ्यांना कोणतीही तारीख देतां येत नव्हती. राणी किती वर्षें जगेल हें कोण सांगणार? जें सांगतां येत होतें तें एवढेंच: आज रात्रीं कोणाच्या घरीं जमावयाचें, फाटलेलें पान कोणीं उतरून काढावयाचें, पकडलेल्या माणसाच्या मुलांना कोणीं सांभाळावयाचें. १८६१ सालीं राणी वारली व बंदी उठली. परके मिशनरी परत आले तेव्हां त्यांना असें दिसलें कीं, ते गेले त्या वेळीं जेवढे ख्रिस्ती होते त्यापेक्षां आतां कितीतरी अधिक आहेत, आणि त्या मंडळ्यांना आपल्यांतलेच पाळक आहेत. १८६९ सालीं तर त्या देशाच्या राणीनेंच बाप्तिस्मा घेतला.

मित्रहो, ही मंडळी कशानें टिकली याचा विचार करा. परक्यांचा पैसा नव्हता, इमारत नव्हती, वेतन घेणारा एकही सेवक नव्हता. दोन गोष्टी होत्या: आपल्या मायबोलींतला ग्रंथ, आणि तो वाचतां येणारीं माणसें. त्यांतील पुष्कळजण शाळेंत शिकलेलीं मुलें होतीं. शाळा चालू असतांना कोणाला वाटलें असेल कीं, येथें गिरविलेलें अक्षर एके दिवशीं एका मंडळीचा प्राण वांचवील? संकट येण्यापूर्वी जें शिकून ठेवलें तेंच संकटांत कामास आलें. तुमच्यापैकीं ज्यांना शब्बाथशाळेंत अध्याय पाठ करणें कंटाळवाणें वाटतें, त्यांनीं मादागास्करच्या मुलांची आठवण ठेवावी.

आपल्या देशांतही असें एक उदाहरण आहे. छोटा नागपुरांत रांची येथें जर्मनीच्या गोस्नर मिशननें १८४५ सालीं काम सुरू केलें होतें. तेथेंही प्रथम वाट पाहण्याचेंच व्रत होतें. उरांव लोकांतील पहिला बाप्तिस्मा १८५० सालीं झाला. पुढें तेथें उरांव, मुंडा वगैरे लोकांची मोठी मंडळी झाली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. जर्मन मिशनरी हे सरकारच्या दृष्टीनें शत्रुराष्ट्राचे लोक. १९१५ सालीं त्यांना तेथून हलविण्यांत आलें. मंडळी अचानक उघडी पडली. आंग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांनीं त्या दिवसांत देखरेखीची मोठी मदत केली. परंतु आपलें पुढें काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनांत होताच. वाट पाहतां पाहतां त्या लोकांना कळून आलें कीं, गेलेली माणसें परत येईपर्यंतच नव्हे तर यापुढेंही आपण आपला कारभार चालवूं शकतों. १० जुलै १९१९ रोजीं त्यांनीं आपली मंडळी स्वायत्त असल्याचें जाहीर केलें. जो काळ पोरकेपणाचा वाटत होता तो वयांत येण्याचा काळ ठरला. पुढारी दूर गेला म्हणजे मंडळीचें सर्वच हरपतें असें नाहीं. कधींकधीं तिला स्वतःचे हातपाय आहेत हें तेव्हांच समजतें. चांगल्या पुढाऱ्यानें मात्र तो समय येण्याची वाट न पाहतां आधींच कामें वाटून द्यावींत.

येथें एक इशारा देणें मला अवश्य वाटतें, नाहींतर या लेखाचा दुरुपयोग होईल. सर्वच वाट पाहणें पवित्र नसतें. एक वाट देव पाहावयास लावतो, आणि दुसरी आपण आपल्या आळसानें इतरांना पाहावयास लावतों. मंडळीचा जमाखर्च दोन-दोन वर्षें तपासला जात नाहीं, गळकें छप्पर तिसऱ्या पावसाळ्यांतही गळतच राहतें, भांडलेल्या दोन कुटुंबांचा समेट करावयास कोणी जात नाहीं, आणि विचारलें म्हणजे उत्तर मिळतें, “प्रभूची वाट पाहूं या.” हें प्रभूची वाट पाहणें नव्हे, प्रभूच आपली वाट पाहत आहे असें म्हणावें लागेल. जें आपल्या हातीं आहे तें जो करीत नाहीं, त्याला जें आपल्या हातीं नाहीं त्याविषयीं सहनशीलतेचा उपदेश करण्याचा अधिकार नाहीं. माणसानें स्वतःला रोज विचारावें: हा उशीर पावसाचा आहे कीं माझा?

आणखी एक गोष्ट. वाट पाहणाऱ्या मंडळीला रडूं द्यावें. टाळेबंदीच्या दिवसांत अंत्यविधीस वीसच माणसांना परवानगी होती. कित्येक मुलांना आपल्या आजीआजोबांचें शेवटचें दर्शनही झालें नाहीं. अशा घरीं जाऊन ताबडतोब आनंदाचीं वचनें सांगणें ही एक प्रकारची निष्ठुरता आहे. स्तोत्रसंहिता उघडून पाहिली तर तींत आक्रोशाचीं व विलापाचीं स्तोत्रें किती तरी सांपडतात. जे लोक देवाला ‘किती काळ?’ असें विचारीत होते त्यांचे शब्द पवित्र शास्त्रांतून काढून टाकण्यांत आले नाहींत. उपासनेंत गावयास ठेवण्यांत आले. ज्याच्यापुढें मंडळीला रडतां येतें, त्याच्याच शब्दानें तिला पुढें धीर येतो. आणि पुढाऱ्यानेंही आपलें दुःख लपवून ठेवूं नये. त्याच्यासाठीं प्रार्थना करणारीं दोन-चार माणसें त्याच्यापाशीं असलीं पाहिजेत. मोशेचे हात जड झाले तेव्हां ते धरून ठेवावयास अहरोन व हूर लागलेच होते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठीं. २०२० सालीं दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर प्रथम लांबला व मग रद्द झाला. २०२१ सालीं तर दहावीची लेखी परीक्षाच झाली नाहीं. त्या महिन्यांत दोन प्रकारचीं मुलें मीं पाहिलीं. परीक्षा होणार कीं नाहीं याच्या बातम्या कांहीं मुलें दिवसभर चाळीत बसलीं; कांहींनीं पुस्तक मिटलें नाहीं. परीक्षा न झाल्यामुळें प्रमाणपत्रावर त्यांच्यांत फारसा फरक दिसला नाहीं. फरक अकरावीच्या वर्गांत दिसला. ज्याचें बियाणें घरांत शिल्लक होतें त्याचें शेत उगवलें.

पालकांना माझी विनंती एवढीच कीं, घरावर अनिश्चिततेचे दिवस आले तर मुलांना खोट्या तारखा देऊं नका. “पुढच्या महिन्यांत सर्व ठीक होईल,” असें म्हणण्यापेक्षां, “काय होईल हें मला ठाऊक नाहीं, पण आज आपण एवढें एवढें करूं,” असें म्हणा. मुलांना आपण समजतों त्यापेक्षां अधिक सत्य झेपतें. ज्या घरांत मुलानें बापाच्या तोंडून ‘मला ठाऊक नाहीं’ हे शब्द ऐकले, आणि त्याच बापाला दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून कामाला लागतांना पाहिलें, त्या घरांतील मुलाला विश्वास म्हणजे काय हें कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं.

ज्या वृद्ध बाईंचा उल्लेख मीं वर केला, त्या १६ नोव्हेंबरच्या पुढच्या रविवारीं मंदिरांत आल्या होत्या. उपासना झाल्यावर मीं त्यांना सहज म्हटलें, “बाई, शेवटीं मंदिर उघडलें बरें!” त्यांनीं आपल्या पिशवींतून एक वही काढून माझ्यापुढें धरली. आम्हीं दर रविवारीं कळविलेलीं नांवें तींत त्यांनीं ओळीनें लिहून ठेवलीं होतीं. त्या म्हणाल्या, “गुरुजी, या आठवड्याचीं नांवं अजून आलीं नाहींत.”